फॉरमॅट मारण्यापूर्वी: संशयास्पद नेटवर्क हालचाल दिसल्यानंतरचा पहिला तास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे चाळीस संगणक असलेल्या एका उत्पादन कंपनीचे नेटवर्क तुम्ही एकटे सांभाळता. हिशेब विभागाचा विंडोज सर्व्हर रात्रभर दर पाच मिनिटांनी परदेशातील एका अनोळखी पत्त्याशी जोडणी करतो आणि गेल्या दोन रात्रींत त्याच पत्त्यावर काही गिगाबाइट डेटा बाहेर गेला आहे, असे फायरवॉलच्या, म्हणजे आत-बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर पहारा ठेवणाऱ्या उपकरणाच्या, अहवालात दिसले. अँटिव्हायरसने काहीही पकडलेले नाही. सर्व्हर ताबडतोब बंद करून फॉरमॅट मारावा आणि सकाळी दहापर्यंत टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर सुरू करून द्यावे, असा मालकांचा आग्रह आहे. तसे करावे का, आणि करू नये तर आधी काय करावे, हे तुम्ही विचारले आहे.

फॉरमॅट मारू नका, आणि शक्यतो सर्व्हरची वीजही तोडू नका. काही मिनिटांच्या नोंदी घेऊन झाल्या, की त्याला नेटवर्कपासून वेगळे करा आणि तसाच चालू ठेवा. सर्व्हर कसा बिघडला, कोणाच्या पासवर्डने कोण आत आले, आणखी कोणत्या संगणकांपर्यंत ती व्यक्ती पोहोचली आणि बाहेर गेलेल्या त्या गिगाबाइटमध्ये नेमके काय होते, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्याच सर्व्हरच्या मेमरीत आणि डिस्कवर आहेत. ती पुसली, तर एक यंत्र स्वच्छ होईल, परंतु ज्या वाटेने शिरकाव झाला ती वाट तशीच उघडी राहील आणि ती कोणती होती हे सांगणारे काहीही हाती उरणार नाही. पहिल्या तासात नुकसान वाढू द्यायचे नाही आणि पुरावा हरवू द्यायचा नाही. घुसखोराला पुरते हाकलून लावणे हे त्यानंतरचे, आणि बरेचदा काही दिवसांचे, काम आहे.

सुरुवात वही आणि पेनने करा. कोणत्या वेळी काय दिसले, कोणी पाहिले, कोणाला कळवले आणि तुम्ही कोणत्या यंत्रावर कोणती आज्ञा चालवली, हे वेळेसह लिहीत जा. हा कारकुनी सोपस्कार वाटेल, परंतु तुम्ही त्या सर्व्हरवर जे काही कराल त्याच्याही नोंदी लॉगमध्ये (यंत्र आपोआप ठेवते त्या नोंदवहीत) उमटणार आहेत, आणि चार दिवसांनी तपास करणाऱ्याला तुमचे लॉगिन कोणते आणि घुसखोराचे कोणते हे वेगळे करावे लागेल. ही नोंद संशयित सर्व्हरवरील नोटपॅडमध्ये करू नये, हे वेगळे सांगायला नको.

वेळ लिहिताना प्रत्येक उपकरणाचे घड्याळ कोणत्या प्रमाणवेळेवर आहे, हे त्याच वेळी तपासून घ्या. अनेक फायरवॉल जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंदी ठेवतात, तर विंडोज सर्व्हर भारतीय वेळ दाखवतो; दोहोंत साडेपाच तासांचे अंतर असते. फायरवॉलमधील २१:१० ची नोंद ही आपल्याकडची पहाटे २:४० ची घटना असते. हा हिशेब न केल्याने ‘रात्री नऊला तर ओव्हरटाइम चालू होता, कोणीतरी फाइल पाठवत असेल’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि अख्खी चौकशी भलत्या कर्मचाऱ्याच्या मागे लागते. एखाद्या उपकरणाचे घड्याळ सात मिनिटे मागे असेल, तर ते दुरुस्त करू नका. फरक फक्त वहीत लिहा. चौकशीच्या मध्येच घड्याळ बदलले, तर त्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकमेकींशी जुळवणे अवघड होऊन बसते.

यानंतरचे तातडीचे काम फायरवॉलवर आहे. छोट्या कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच फायरवॉल आणि राउटरमध्ये लॉगसाठी अगदी मर्यादित जागा असते. जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात, आणि ज्या उपकरणांत लॉग केवळ मेमरीत असतात त्यांत रीस्टार्ट केल्याबरोबर ते नाहीसे होतात. त्यामुळे जितके मागचे मिळतील तितके लॉग आत्ताच उतरवून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, आणि कोणाच्या सूचनेवरून ‘एकदा बंद-चालू करून पाहू’ असे करू नका. जोडण्यांच्या चालू तक्त्याचा स्क्रीनशॉटही घ्या. या टप्प्यावर काहीच सुटू नये म्हणून जास्तीचे उतरवून घेतलेले बरे. नको ते नंतर टाकून देता येते.

आता ही हालचाल खरोखर संशयास्पद आहे का, हे तपासायला हरकत नाही, मात्र त्यासाठी तासन्‌तास घालवू नयेत. सर्वप्रथम फायरवॉलमध्ये दिसलेला अंतर्गत पत्ता खरोखर त्या सर्व्हरचाच आहे का, हे एआरपी तक्ता (कोणता नेटवर्क पत्ता कोणत्या उपकरणाचा, हे सांगणारी यादी) आणि स्विचमधील मॅक पत्ते (उपकरणांचे हार्डवेअर क्रमांक) यांवरून पडताळा. एकच पत्ता दोन उपकरणांना दिला गेल्यामुळे सर्व्हरच्या नावावर खपलेली वाहतूक प्रत्यक्षात सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची निघणे, हे आपल्याकडे अशक्य कोटीतले नाही. असे डीव्हीआर उत्पादकाच्या परदेशी क्लाउडशी रात्रंदिवस बोलत असतात. विक्रेत्याने बसवून दिलेला ऑनलाइन बॅकअप, अपडेट, देखरेखीचे सॉफ्टवेअर हेही ठरावीक अंतराने बाहेर संपर्क साधतात. दर पाच मिनिटांनी नियमित जोडणी होते एवढ्यावरून ती घातक ठरत नाही. उलट, चांगली लिहिलेली घातक सॉफ्टवेअर हे अंतर मुद्दाम थोडे मागेपुढे करतात, म्हणून अनियमित दिसणारी जोडणी निर्दोष ठरते असेही नाही. दिशा अधिक बोलकी असते. अपडेटमध्ये डेटा आत येतो. तुमच्याकडे तो बाहेर गेला आहे, तोही रात्री, आणि ज्या सर्व्हरवर हिशेब आहेत त्यावरून. बॅकअपचे स्पष्टीकरण मिळाले नाही, तर माझ्या मते याला घुसखोरीची घटना मानूनच पुढे जावे.

यात एक स्पष्टीकरण असे आहे, की जे ऐकून निर्धास्त होऊ नये. हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरवणारा विक्रेता मदतीसाठी एनीडेस्क किंवा अल्ट्राव्ह्यूअर हे दुरून संगणक चालवू देणारे सॉफ्टवेअर बसवतो, कायमचा पासवर्ड ठेवतो आणि काम झाल्यावर ते काढत नाही, ही पद्धत लहान कंपन्यांत सर्रास आढळते. ‘ते आमच्या सपोर्टवाल्याचे आहे’ हे उत्तर खरे असले, तरी पहाटे पावणेतीनला त्यावरून आत आलेला माणूस सपोर्टवालाच होता, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्याला फोन करून त्या रात्री त्याने जोडणी केली होती का, हे स्पष्ट शब्दांत विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा.

अमेरिकेतील टार्गेट या मोठ्या किरकोळ विक्री कंपनीची २०१३ मधील घटना येथे आठवावी अशी आहे. तेथेही घुसखोर आत आले ते शीतकरण यंत्रणेचे काम करणाऱ्या एका बाहेरच्या कंत्राटदाराच्या लॉगिनवरून. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस कंपनीच्या बंगळुरू येथील सुरक्षा चमूला घातक सॉफ्टवेअरचा इशारा दिसला आणि त्यांनी तो मिनीॲपोलिस येथील मुख्यालयाला कळवलाही. तिकडे मात्र त्यावर वेळेत कारवाई झाली नाही, आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील चोरीला गेला. इशारा देणारी यंत्रणा होती, तो पाहणारी माणसे होती. ‘हे खरे आहे’ असे ठरवून पुढचे पाऊल टाकायचे कोणी, हेच ठरलेले नव्हते. तुमच्या कंपनीत तो कोणी तुम्हीच आहात, असे मी समजतो.

बाहेरचा पत्ता कोणाचा आहे हे शोधताना जरा संयम ठेवावा. तो ब्राउझरमध्ये उघडणे, त्याला पिंग करणे किंवा त्याचे स्कॅनिंग करणे टाळा, कारण तुमच्याच कार्यालयाच्या पत्त्यावरून आलेली ती विचारपूस पलीकडच्या माणसाला दिसते आणि आपण उघडे पडलो हे त्याला कळते. पत्त्याची नोंदणी कोणाच्या नावे आहे, हे मोबाइलच्या इंटरनेटवरून हूइज सेवेत पाहता येते. तो एखाद्या नामांकित क्लाउड कंपनीचा निघाला म्हणून निश्चिंत होऊ नका. चोरटेही तिथेच भाड्याने सर्व्हर घेतात. संशयित फाइल सापडली तर ती उचलून व्हायरसटोटल या ऑनलाइन फाइल-तपासणी सेवेवर चढवू नका. आधी तिचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा ओळख-क्रमांक) काढा आणि केवळ तो हॅश तेथे शोधा. चढवलेली फाइल त्या सेवेच्या वर्गणीदारांना उपलब्ध होते. तिच्यात कंपनीची माहिती असू शकते, आणि आपण बनवलेली फाइल कोणी तपासायला टाकली आहे का, यावर घुसखोरही लक्ष ठेवून असतात.

या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा भाग चालू सर्व्हरवरच्या पुराव्याचा आहे. इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरएफसी ३२२७ या दस्तऐवजात पुरावा कोणत्या क्रमाने गोळा करावा, हे सांगितले आहे आणि तो क्रम आजही तितकाच उपयोगी आहे. जे लवकर नाहीसे होते ते आधी घ्यायचे: जोडण्या, चालू प्रक्रिया आणि मेमरी आधी, मग तात्पुरत्या फाइली, त्यानंतर डिस्क, आणि दूर साठवलेले लॉग व बॅकअप सर्वांत शेवटी. वीज तोडली की यादीतला पहिला गट संपतो. आजकालची कितीतरी घातक सॉफ्टवेअर डिस्कवर फाइल न ठेवता केवळ मेमरीत राहतात. अँटिव्हायरसने तुमच्याकडे काही पकडले नाही, त्याचे एक कारण हेही असू शकते.

मात्र सर्व्हरसमोर बसण्यापूर्वी एक खबरदारी घ्या. डोमेन ॲडमिनच्या, म्हणजे सर्व संगणकांवर अधिकार असलेल्या, खात्याने त्यावर लॉगिन करू नका, रिमोट डेस्कटॉपनेही नाही. लॉगिन केल्यावर त्या खात्याची ओळख सर्व्हरच्या मेमरीत राहते आणि मिमिकॅट्झसारख्या साधनाने ती तेथून उचलता येते. आतापर्यंत एका सर्व्हरपुरता असलेला घुसखोर तुमच्या घाईमुळे सर्व संगणकांचा मालक होऊ शकतो. त्या सर्व्हरपुरत्याच असलेल्या स्थानिक ॲडमिन खात्याने, प्रत्यक्ष कीबोर्डवर बसूनच काम करावे, आणि तोच पासवर्ड इतर संगणकांवरही असेल (जो असू नये, पण असतो) तर तो बदलण्याच्या यादीत लिहून ठेवावा.

जोडणी कोणत्या प्रक्रियेची आहे हे पाहण्यासाठी नेटस्टॅट ही आज्ञा ए, एन आणि ओ हे पर्याय लावून चालवा. शेवटच्या स्तंभातील क्रमांक प्रक्रियेचा असतो आणि टास्कलिस्टमधून तिचे नाव मिळते. लिनक्स असते तर हेच काम एसएस या आज्ञेने झाले असते. येथे अडचण अशी, की तुमची जोडणी दर पाच मिनिटांनी होते आणि कदाचित दोन-तीन सेकंदच टिकते, त्यामुळे एकदा पाहिले आणि काही दिसले नाही, तर त्याला काही अर्थ नाही. दर सेकंदाला ती आज्ञा पुन्हा चालवून निकाल पेनड्राइव्हवरील फाइलमध्ये साठवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लावा आणि दहा मिनिटे थांबा, म्हणजे निदान एक जोडणी तरी तिच्यात सापडावी. त्याच वेळी डीएनएस कॅशे (नुकत्याच शोधलेल्या संकेतस्थळांच्या पत्त्यांची यादी), चालू सेवा, लॉगिन असलेली खाती आणि नियोजित कामांची यादीही साठवा. सापडलेल्या प्रक्रियेचे नाव ओळखीचे दिसले, तरी ती कोणत्या फोल्डरमधून चालते हे पाहा. ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजची स्वतःची प्रक्रिया सिस्टिम३२ या विंडोजच्या फोल्डरमधून चालणे स्वाभाविक आहे. तीच प्रक्रिया एखाद्या वापरकर्त्याच्या ॲपडेटा किंवा पब्लिक फोल्डरमधून चालत असेल, तर शंका घ्यायला जागा उरत नाही. सापडलेली प्रक्रिया बंद मात्र करू नका.

त्यानंतर मेमरीची प्रत घ्या. एफटीके इमेजर, डम्पइट यांसारखी साधने त्यासाठी मोफत मिळतात. ती दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणावीत. येथे एक क्षुल्लक दिसणारी गोष्ट रात्री दोन वाजता फार त्रास देते: बाजारातले कितीतरी पेनड्राइव्ह फॅट३२ स्वरूपात असतात आणि त्यावर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. सर्व्हरची मेमरी ३२ गिगाबाइट असेल, तर ६४ गिगाबाइटचा, एनटीएफएस किंवा एक्सफॅट स्वरूपातला ड्राइव्ह आधीच तयार ठेवा. सर्व्हर हायपर-व्ही किंवा व्हीएमवेअरवरचा आभासी सर्व्हर असेल, तर काम फारच सोपे होते. मेमरीसह स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला, की पाच-दहा मिनिटांत सगळे हाती येते. हे कधीच केले नसेल आणि हात थरथरत असतील, तर मेमरीचा नाद सोडून निदान जोडण्यांच्या नोंदी घ्या आणि पुढे चला. अर्धवट पुरावा असला तरी चालेल. डेटा मात्र आणखी तासभर बाहेर जाऊ देऊ नये.

वेगळे करणे म्हणजे स्विचवरील त्या सर्व्हरचे पोर्ट बंद करणे, किंवा जेथून कोठेही जाता येत नाही अशा वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) त्याला टाकणे. हे जमत नसेल तर केबल काढावी. दुसरे नेटवर्क कार्ड, वाय-फाय आणि कोणीतरी कधीकाळी लावून ठेवलेला डोंगल यांकडेही पाहावे. फायरवॉलवर केवळ तो परदेशी पत्ता ब्लॉक करून थांबणे पुरेसे नाही, कारण अशा सॉफ्टवेअरकडे बहुधा पर्यायी पत्ते असतात, आणि आतल्या आत इतर संगणकांकडे जाण्याची वाट तर त्याने मुळीच बंद होत नाही.

अनुभवी चमू कधीकधी घुसखोराला लगेच तोडत नाहीत. त्याच्यावर काही दिवस पाळत ठेवून त्याचा सारा पसारा समजून घेतात आणि एकाच वेळी सर्वत्र घाव घालतात. त्यामागचा विचार योग्य आहे, परंतु ज्यांच्याकडे चोवीस तास पाळत ठेवणारी माणसे आहेत त्यांनीच तो मार्ग धरावा. एकट्या माणसाने, डेटा बाहेर जात असताना, पाळत ठेवण्याच्या फंदात पडू नये. त्या विचारातले एक सूत्र मात्र तुम्हालाही उपयोगी आहे: एक सर्व्हर तोडण्यापूर्वी, फायरवॉलच्या उतरवलेल्या लॉगमध्ये त्याच परदेशी पत्त्याकडे आणखी कोणते संगणक गेले आहेत, हे शोधा. दहा मिनिटांचे काम आहे. तीन संगणक निघाले, तर तिन्ही एकदमच तोडा. एकच तोडला, तर उरलेल्या दोहोंवर बसलेला माणूस सावध होईल आणि कदाचित जाता जाता नासधूस करून जाईल.

वर सांगितलेल्या क्रमाला एक अपवाद आहे. डोळ्यांदेखत फाइलींची नावे बदलत असतील, त्या उघडेनाशा होत असतील किंवा खंडणीची चिठ्ठी दिसू लागली असेल, तर वही, मेमरी, पडताळणी सगळे बाजूला ठेवून आधी केबल काढा. केबल काढूनही डिस्कवरील फाइली कुलूपबंद होण्याचे थांबले नाही, तर वीज तोडणेही योग्य ठरते. बॅकअपचा नॅसही (नेटवर्कला जोडलेले साठवणीचे उपकरण) त्याच क्षणी वेगळा करा. खरे तर तुमच्या आजच्या स्थितीतही बॅकअप ताबडतोब नेटवर्कबाहेर काढावा, असे मी सुचवेन. खंडणीखोरांच्या टोळ्या आधी डेटा चोरतात, मग बॅकअप नष्ट करतात आणि त्यानंतर कुलूप लावतात. तुमच्याकडे यातली पहिली पायरी झालेली असू शकते. कालचा बॅकअप परत चढवून सकाळी टॅली सुरू करण्याचा मोह होईल, पण घुसखोर कधीपासून आत आहे हे कळल्याशिवाय कोणता बॅकअप स्वच्छ आहे, हे कळणार नाही. मालकांना दहा वाजता काम हवेच असेल, तर नव्याने विंडोज घातलेल्या दुसऱ्या संगणकावर, नेटवर्कला न जोडता, केवळ टॅलीच्या डेटाचा फोल्डर उतरवून काम चालू करून देता येईल. दोन दिवस छपाईसाठी पेनड्राइव्ह फिरवावा लागेल, एवढेच.

सर्व्हर वेगळा झाल्यावर शिरकाव कोठून झाला हे पाहायला सवड मिळते. राउटरवर ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट बाहेरून थेट सर्व्हरकडे वळवलेले आहे का, हे मी सर्वांत आधी पाहीन. मालकांना किंवा सीएंना घरून टॅली पाहता यावे म्हणून ते कधीतरी उघडलेले असते आणि नंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही. मग विंडोजच्या सुरक्षा लॉगमध्ये ४६२५ या क्रमांकाच्या फसलेल्या लॉगिनच्या नोंदींची रांग आणि तिच्या शेवटी ४६२४ ची एखादी यशस्वी नोंद दिसते का, ते पाहावे. त्या यशस्वी नोंदीत लॉगिनचा प्रकार १० असेल, तर ते रिमोट डेस्कटॉपवरून झाले आहे. ४७२० म्हणजे नवे खाते तयार झाले, ७०४५ (ही नोंद सिस्टिम लॉगमध्ये असते) म्हणजे नवी सेवा बसवली गेली आणि ११०२ म्हणजे सुरक्षा लॉग पुसला गेला. यातली शेवटची नोंद सापडली आणि तुमच्यापैकी कोणी तो पुसलेला नसेल, तर बाकी काही सापडो वा न सापडो, घुसखोरी झाली असेच धरून चाला. फायरवॉललाही संशयाच्या बाहेर ठेवू नका. तिचे व्यवस्थापनाचे पान इंटरनेटवरून उघडते का, तिच्यावर अनोळखी ॲडमिन खाते आहे का, तिचे फर्मवेअर किती जुने आहे, हे तपासा. अलीकडच्या वर्षांत कितीतरी घुसखोरी खुद्द फायरवॉल आणि व्हीपीएन उपकरणांतील त्रुटींमधूनच झाल्या आहेत.

दिनदर्शिकाही समोर ठेवा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो ११ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असताना. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले, १३ तारखेला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-व्यवहारांच्या यंत्रणेतून आणखी रक्कम हाँगकाँगला गेली आणि एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपयांचे झाले. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आढळलेली विचित्र हालचाल ‘सोमवारी पाहू’ म्हणून सोडू नये, हे त्यावरून कळते. तुमच्या सर्व्हरवरून नेट बँकिंग होत असेल किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन त्याला कायम जोडलेले राहत असेल, तर ते टोकन काढून घ्या, बँकेला आजच कळवा आणि त्या खात्यांचे लॉगिन थांबवायला सांगा.

कळवण्याचे काम ईमेलवरून करू नका. घुसखोर मेलबॉक्स वाचत असण्याची शक्यता धरून चालावे. मालक, हिशेब विभागाचे प्रमुख आणि बाहेरचा सल्लागार यांच्याशी फोनवर किंवा समक्ष बोलावे. कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आपला सर्व्हर हॅक झाला’ असा निरोप तर टाकूच नये. घटनेत आतल्या माणसाचा हात नाही हे अजून ठरलेले नाही, म्हणून जितक्यांना माहीत असणे आवश्यक आहे तितक्यांनाच सांगावे.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो बऱ्याच छोट्या कंपन्यांना ठाऊकच नसतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्या संस्थेला कळवणे बंधनकारक आहे. हे बंधन कंपन्यांनाही लागू आहे. लघु व मध्यम उद्योगांना दिलेली सवलत २५ सप्टेंबर २०२२ पर्यंतचीच होती. तोवर सर्व तपशील हाती असण्याची गरज नाही. जे कळले आहे तेवढे कळवावे आणि उरलेले नंतर पाठवावे. १८० दिवसांचे लॉग जपणे आणि यंत्रणांची घड्याळे सरकारी प्रमाणवेळेशी जुळती ठेवणे, हेही त्याच निर्देशांत आहे. खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर त्वरित फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. सर्व्हरवर कर्मचाऱ्यांचे आधार, पॅन, बँक खाते असा तपशील असेल, तर वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचा प्रश्नही येतो. तो टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने त्याबाबत वकिलांना विचारावे.

प्रकरण पुढे न्यायालयात जाईल की नाही, हे आज सांगता येत नाही, परंतु त्याची तयारी आजच करावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याच्या नमुन्यात हॅशचा उल्लेख करायचा असतो. म्हणून मेमरीची प्रत, लॉग आणि डिस्कची प्रत यांपैकी प्रत्येकाचा एसएचए-२५६ हॅश घेतल्याबरोबर काढून वहीत लिहा, ड्राइव्ह पाकिटात बंद करा, त्यावर तारीख, वेळ आणि सही करा, आणि तो कोणाच्या ताब्यात कधी गेला याची नोंद ठेवा.

पासवर्ड बदलण्याची घाई सर्वांनाच होते, पण संशयित संगणक वेगळे होण्यापूर्वी बदललेला पासवर्ड घुसखोराच्या हाती आयताच पडतो. आधी तोडणे आणि मग स्वच्छ संगणकावरून बदलणे, हाच क्रम ठेवा. फायरवॉल, डोमेन ॲडमिन, बॅकअप, ईमेलचे ॲडमिन खाते आणि बँक यांना अग्रक्रम द्या. ईमेलमध्ये पासवर्ड बदलताना चालू सत्रेही रद्द करा आणि मेल आपोआप बाहेर पाठवणारा एखादा नियम कोणी घालून ठेवला आहे का, ते पाहा. पासवर्ड बदलला तरी असा नियम तसाच काम करत राहतो. डोमेन कंट्रोलरपर्यंत (सर्व खात्यांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरपर्यंत) शिरकाव झाल्याची चिन्हे दिसली, तर केआरबीटीजीटी या त्याच्या अंतर्गत खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, आणि तेथून पुढे हे एकट्याचे काम राहत नाही.

बाहेरची मदत घ्यायची झाल्यास सर्ट-इनच्या मान्यताप्राप्त लेखापरीक्षकांची यादी त्या संस्थेच्या संकेतस्थळावर आहे. त्यातील घटना-तपासाचे काम प्रत्यक्ष करणारी संस्था निवडा, कारण सगळ्याच तसे काम करत नाहीत. वही, फायरवॉलचे लॉग, मेमरीची प्रत आणि चालू स्थितीत वेगळा ठेवलेला सर्व्हर एवढे तुम्ही त्यांच्या हवाली करू शकलात, तर त्यांचे काम निम्म्याने हलके होईल. तुमच्या प्रकरणात ती प्रक्रिया कोणत्या फोल्डरमधून चालते, ३३८९ बाहेरून उघडे होते का, आणि त्या परदेशी पत्त्याशी पहिली जोडणी कोणत्या तारखेला झाली, या तीन गोष्टी कळवल्यात, तर कोणता बॅकअप वापरण्याजोगा आहे आणि फॉरमॅट नेमके कोणकोणत्या यंत्रांना मारावे लागेल, हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.